गोधडीबुवाचं पोट

शिवराम मास्तर गेल्याचं मला कशेळ्याच्या बाजारातून परतणाऱ्या बायकांनी सांगितलं. मी ओटीवर मशीन घेऊन बसले होते, समोर पाटलांच्या सुनेची चोळी, एक बाही बसवायची राहिलेली. डोक्यावर पाट्या घेऊन चाललेल्या त्या बायकांतली एक थांबली आणि म्हणाली, "यमुने, तुमच्या शाळंचं ते जुनं मास्तर गेलं गं. वरच्या वाडीतल्या शाळंत व्हते ना, तेच. हिवतापानं." बस्स, एवढंच. मागची म्हणाली, "चल गं, ऊन चढतंय," आणि त्या गेल्या. मी चोळी पूर्ण केली. खोटं कशाला सांगू, राहिलेली बाही नीट बसवली, दोरा तोडला, घडी घातली, आणि मग मागच्या पडवीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. शेजारी ऐकू जाईल याची तेव्हाही धास्ती होती मला. सहा वर्षं हीच धास्ती बाळगून काढली आहेत.

त्याला आता दीड महिना होत आला. गावात कुणाला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. आमच्या कडावात शिवराम मास्तरांचं नाव निघालं की माणसं एकच गोष्ट सांगतात: "पोरांना उलटं शिकवलं आन् धर्मा मेला, तेच ना मास्तर?" ही गोष्ट मी मान खाली घालून ऐकते आणि शिवण पुढे सरकवते. ती गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी माझ्याजवळ आहे आणि मास्तर जिवंत होते तोवर मी ती कुणाला सांगितली नाही. म्हणून हे लिहायला बसले. माझं माहेर पेणचं, मी चौथी शिकलेली, पुढचं सगळं वाचन मास्तरांच्या पेटीतल्या पुस्तकांवर झालेलं. ऱ्हस्वदीर्घ संपादकांनी बघून घ्यावं. बाकी काही बदलू नये एवढी विनंती आहे.

मास्तर मूळचे घाटावरचे. लढाई सुरू झाली त्या सुमाराला बदलून इथे आले. उंच, काटकुळे, एकटे. लग्न का केलं नाही हे कुणी विचारलं की म्हणायचे, "राहून गेलं." शिकवायची त्यांची तऱ्हाच वेगळी. हाडांचा धडा आला की सदरा काढून वर्गात उभे राहायचे आणि पोरांना आपल्या बरगड्या मोजायला लावायचे. पोरं बोट लावून मोजायची, बारा एका बाजूला, बारा दुसऱ्या. नदीवर बायका हसून बेजार व्हायच्या. "मास्तरला बायको नाय तेच बरं हाय, नायतर तिनं चार घास घातलं असतं आन् बरगड्या कुठनं दिसल्या असत्या?" मास्तरांच्या कानावर हे गेलं तेव्हा तेही हसले आणि म्हणाले, "खरंच आहे. गरीब शाळेला सुकलेला मास्तरच परवडतो."

पण बरगड्या दिसतात, आतलं काय? शाळेत पूर्वी शरीराचा एक तक्ता होता, त्याला वाळवीनं खाऊन फक्त डोकं आणि दोन पाय शिल्लक ठेवले होते. नवा मागवायचा तर लढाईचे दिवस, कागद मिळत नव्हता. एका दुपारी मास्तर माझ्या ओटीवर आले, हातात जाडजूड पुस्तक, आणि अगदी सदरा शिवायला टाकावा तशा सुरात म्हणाले, "यमुनाबाई, एक माणूस शिवून द्याल का?" मी म्हटलं, "मास्तर, मी माणसाची बंडी शिवते. माणूस शिवणारा वर बसलाय." ते म्हणाले, "त्याचं शिवण उसवून बघता येत नाही ना, तीच अडचण आहे." मग ओटीवरच पुस्तक उघडून बसले. माणसाच्या आत एवढा कारखाना असतो हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. आपण उठतो, बसतो, भांडतो, जेवतो, आणि आत कुणीतरी न सांगता सगळं चालवत असतं. मला जराशी भीतीच वाटली होती.

कापडाचं तेव्हा रेशनिंग. अंगावर घालायला मिळत नव्हतं, तिथे आतड्याला कोण देणार? पण मास्तरांनी वर्गात सांगितलं, पोरांनी घरोघर सांगितलं, आणि बायका चिंध्या घेऊन यायला लागल्या. पाठीच्या कण्याला आणि बरगड्यांना बुरुडाकडच्या कामट्या आल्या. कवटीला वाळलेला भोपळा. त्यात मेंदू म्हणून मी एका जुन्या धोतराच्या चुण्या चुण्या करून भरल्या आणि त्याच्यातून पांढरा दोरा कण्यामधून खाली सोडून हातापायांच्या बोटांपर्यंत नेला. ही मज्जासंस्था. "या दोऱ्यावरून निरोप जातो," मास्तर म्हणायचे, "चटका बोटाला बसतो, ओरडा डोक्यातून येतो." फुप्फुसं मलमलीची केली आणि आत सावरीचा कापूस भरला, म्हणजे दाबली की बसत आणि सोडली की परत फुगत. मूत्रपिंडं दोन, आकार अगदी आपल्या वालाचा, मुठीएवढा वाल असता तर. काळीज म्हणजे चार खणांची चंची. त्याला लाल कापड मिळेना, तेव्हा शेजारच्या धर्मानं आपलं जुनं मुंडासं आणून दिलं. "घे, यमुने. डोस्कं तसंबी रिकामंच हाय माझं. काळजाला लाव." त्याच मुंडाशाच्या चिंध्यांतून शुद्ध रक्ताच्या लाल नळ्या निघाल्या आणि अशुद्ध रक्ताला माझं निळं परकराचं कापड कामी आलं. लहान आतडं भरलं चौदा हात. ते मी ओटीवर शिवत बसले होते, लांबच लांब, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारायचा, "काय गं, अजगर शिवतेस?" आमची म्हातारी सुईण एकदा कंबरेवर हात ठेवून सगळं निरखून गेली आणि मास्तरांना म्हणाली, "समदं हाय रं बाबा. पन मानूस जन्माला येतो कुठनं, ते नाय दिसलं." मास्तर लालबुंद. म्हणाले, "आजी, ते पान पुस्तकात नाही." म्हातारी म्हणाली, "मंग पुस्तक कुनी पुरुषानं लिव्हलं आसंल."

पोरांनी त्याचं नाव गोधडीबुवा ठेवलं, कारण रंगीबेरंगी चिंध्यांचा तो माणूस गोधडीसारखाच दिसायचा. पोटावर बंदांनी बांधायचा पडदा, तो सोडला की आतलं सगळं दिसायचं. काळीज आणि यकृत मी गुंड्यांवर लावली होती, ती काढता घालता यायची. त्यांच्या गुंड्या कुठे लावायच्या हे मास्तरांनी पुस्तक बघून स्वतः दाखवलं, म्हणून ती बरोबर बसली. आतडी मात्र मी आधीच पाठीच्या अस्तरावर शिवून टाकली होती.

आता चूक सांगते. आम्ही शिवणारी माणसं खडूची खूण नेहमी कापडाच्या उलट बाजूला करतो, म्हणजे सुलट बाजूला डाग पडत नाही. हाताला सवयच असते ती. पुस्तकातलं चित्र समोर ठेवून मोठ्या आतड्याची वाट मी अस्तरावर काढली, सवयीनं उलट बाजूला, आणि तिच्यावर धावदोरा घातला. मग कापड पालथं केलं आणि सुलट बाजूला दिसणाऱ्या त्या टाक्यांवर आतडं बसवलं. कापड पालथं झालं की उजवं ते डावं होतं. चोळी दोन्ही अंगांनी सारखी, तिथे काही बिघडत नाही. माणूस आतून तसा सारखा नसतो हे मला काय ठाऊक! मोठं आतडं दाराच्या चौकटीसारखं, एका बाजूनं वर चढतं, आडवं जातं, दुसऱ्या बाजूनं उतरतं. उलटं बसलं तरी डोळ्याला खुपत नाही. फरक पडला तो एकाच जागी. जिथे ते सुरू होतं तिथे करंगळीएवढी शेपटी असते, आंत्रपुच्छ म्हणतात तिला. ती असायला हवी उजव्या कुशीत खाली. गोधडीबुवाला ती डावीकडे लागली.

मास्तरांनी बघितलं नाही का? बघितलं. पुस्तकात लिहिलं होतं 'उजवीकडे'. गोधडीबुवा भिंतीला टांगला, तोंड आपल्याकडे, आणि ती शेपटी बघणाराच्या उजव्या हातालाच दिसत होती. एवढा चिकित्सक माणूस, पण त्या क्षणी कुणाचं उजवं हा विचार त्यांच्या मनात आला नाही. माणसाची नजर अशी फसते. मी त्यांच्या शेजारीच उभी होते, म्हटलं, "झ्याक झालाय." ते म्हणाले, "अगदी पुस्तकातल्यासारखा." ...आम्ही दोघंही किती खूश होतो त्या दिवशी.

शेपटीचा धडा मास्तर सगळ्यांत जीव तोडून शिकवायचे. का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ पोटदुखीनं गेला होता. घरातल्यांनी पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल पाजलं, पुन्हा पाजलं, आणि आत ती सुजलेली शेपटी फुटली. म्हणून वर्गात ते गोधडीबुवाच्या शेपटीवर बोट ठेवून म्हणायचे, "इथे दुखलं, दाबून सोडल्यावर जास्त दुखलं, तर एरंडेल द्यायचं नाही. शेकायचं नाही. गाडी जुंपायची आणि कर्जतच्या डॉक्टरांकडे जायचं. घरी जाऊन आईबापांना सांगा." उजवं-डावं ते बोलत नसत, दाखवत. दाखवलेलं विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

धर्माची मुलगी चंद्रा त्या वर्गात होती, बारा वर्षांची. सगळ्या शाळेत तिच्याएवढं तल्लख पोर नव्हतं. काळजाच्या धड्याला मास्तरांनी एकदा समजावलं होतं की समोर उभ्या माणसाचं डावं अंग आपल्या उजव्या हाताला येतं. इतर पोरांच्या डोक्यावरून ते गेलं. चंद्रानं ते पक्कं धरलं. म्हणजे झालं असं की ढ पोरांनी शेपटी आपल्या उजव्या हाताला बघितली आणि उजवीकडे आहे असं समजून गप्प बसली. बरोबर तेच होतं! एकट्या चंद्रानं नीट विचार केला, मनातल्या मनात उलटवून बघितलं, आणि शेपटी डावीकडे असते हे शिकली. मला हे आठवलं की अजून कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. ती जरा कमी हुशार असती तर...

भातकापणीच्या दिवसांत धर्माच्या पोटात दुखायला लागलं. कापणी टाकून कोण डॉक्टरकडे जातो? पहिल्या दिवशी तो शेतातच आडवा झाला, दुसऱ्या दिवशी घरी. मी विचारायला गेले तेव्हा त्याची बायको म्हणाली, "पित्त झालंय. एरंडेल दिलंय, पडंल बरं." मी गोधडीबुवाचं आख्खं पोट माझ्या हातानं शिवलेलं, पण मला काही सुचलं नाही. मी फक्त शिवलं होतं, शिकले नव्हते. तिसऱ्या दिवशी तो घामानं थंड पडला तेव्हा गाडी जुंपली. मी त्याच्या बायकोबरोबर मागे बसले, चंद्रा बापाचं डोकं मांडीवर घेऊन. कर्जतला डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "पहिल्यापासून कुठे दुखत होतं?" बायकोनं उजवी कूस दाखवली. "मग तीन दिवस काय करत होता तुम्ही? फुटलंय आत." तेव्हा चंद्रा बोलली, अगदी वर्गात बोलावं तसं, "ती शेपटी डाव्या अंगाला असती. आमच्या मास्तरांनी दाखवलीय." डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "कोण मास्तर?" धर्मा त्याच संध्याकाळी गेला.

बारावा-तेरावा झाला आणि गावातले पुरुष शाळेत गेले. एकानं गोधडीबुवा भिंतीवरून ओढून अंगणात फेकला. मास्तरांनी तो उचलला, तिथेच मातीत मांडी घालून पडद्याचे बंद सोडले, एक हात त्याच्या पोटावर ठेवला, एक आपल्या. मग तोंडातून एवढंच निघालं, "अरे देवा." पुरुष काय काय बोलत होते, मास्तर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चूक माझी आहे." दुपारी ते गोधडीबुवा खांद्यावर घेऊन माझ्या ओटीवर आले. त्यांनी अस्तर उसवलं होतं. उलट बाजूला माझी खडूची रेघ तशीच होती, पुसटशी, आणि तिच्यावर माझा धावदोरा. ती बघितल्याबरोबर मला सगळं कळलं.  मास्तर म्हणाले, "तुम्ही घाबरू नका. तपासायचं काम माझं होतं." मी मान खाली घालून मशीनचं चाक फिरवायला लागले.

तपासनीस साहेबांचा मुक्काम तेव्हा खालापूरला होता. चौकशीला मास्तरांना बोलावलं आणि बाहुलं शिवणारी म्हणून मलाही. खोपोलीच्या गाडीनं गेलो, तिथून पायी. सगळी वाट मी मनात घोकत होते, सांगायचं, खडू उलट बाजूला लागला, चूक माझी. कचेरीच्या व्हरांड्यात बसले तोवर ठरलेलं होतं. आत गेले. साहेबांनी विचारलं, "हे तुम्ही शिवलंत?" म्हटलं, "हो." "आतड्याची जागा कुणी ठरवली?" ...आणि माझ्या डोळ्यांपुढे माझी रिकामी ओटी आली. जिच्या शिवणानं माणूस मेलं तिच्याकडे कोण बाई चोळी टाकेल? नवरा जाऊन चार वर्षं झालेली, माहेरी भाऊ उभं करत नव्हता, त्या मशीनवर मी जगत होते. मी म्हटलं, "मास्तरांनी सांगितलं तसं शिवलं, साहेब. आम्हा बायकांना काय कळतं त्यातलं?" मास्तर टेबलाच्या बाजूला उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. मग साहेबांना म्हणाले, "बरोबर बोलतात त्या. मी सांगितलं तसंच शिवलं त्यांनी."

येताना गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. मला त्यांच्यापुढे लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला त्यांचा संताप आला होता. त्यांनी चारचौघांत मला खोटं पाडलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. त्यांनी मला वाचवलं आणि त्याच ओझ्याखाली घातलं. कर्जत येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. उतरताना म्हणाले, "सांभाळून, पायरी उंच आहे." मी त्यावरही चिडले.

त्यांची बदली कशेळ्याच्या पलीकडे डोंगरातल्या वाडीच्या शाळेत झाली. जाताना गोधडीबुवा सोबत नेला. चंद्रानं शाळा सोडली. तिच्या आईनं सांगितलं, पोर पुस्तक उघडत नाही, चुलीपुढे बसून राहते. त्यानंतर दरवर्षी धर्माच्या श्राद्धाच्या सुमाराला मास्तर वाडीहून कडावापर्यंत चालत यायचे. चंद्राच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "चंद्रा, चूक माझी होती, बाळ. तुझी नव्हती." ती आतून बाहेर यायची नाही. तिची आई पाणी द्यायची, ते प्यायचे आणि परत फिरायचे. स्वराज्य आलं त्या साली तिचं लग्न झालं, खालापूरच्या बाजूला दिलं तिला, तर मास्तर तिकडेही एकदा जाऊन आले म्हणे. मी हे सगळं माझ्या ओटीवरून बघत होते. माझं घर तिच्या घराला लागून. चार पावलं टाकून तिला खरं सांगायचं होतं फक्त. मी नाही टाकली.

मास्तर शेवटचे भेटले ते यंदाच्या त्यांच्या फेरीला. फार वाळले होते, ताप येऊन जातो म्हणाले. झोळीचा पट्टा तुटला होता, तो शिवून घ्यायला बसले माझ्यासमोर. मी पट्ट्यावर टाके घालता घालता म्हटलं, "मास्तर, मी गावाला खरं सांगून टाकते." माझा आवाज असा काही, जणू मी त्यांच्यावर उपकारच करणार होते.  ते म्हणाले, "सांगायचं होतं तर खालापूरला सांगायचं होतं, यमुनाबाई." सहा वर्षांत त्यांनी मला दिलेला दोष तो एवढाच. झोळी घेतली, नमस्कार केला, गेले. माझ्या मनात आलं, अगदी बरोबर बोललात. आणि मी तरीही गावाला काही सांगितलं नाही.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी कशेळ्याला गेले आणि तिथून विचारत विचारत वर त्यांच्या शाळेत. कुडाची एक खोली, मागच्या बाजूला तेही तिथेच राहायचे. चटई, पेटी, कंदील, आणि भिंतीवर गोधडीबुवा. नव्या मास्तरांनी पडदा उघडून दाखवला. आतडं उसवून मास्तरांनी स्वतःच्या हातानं परत शिवलं होतं, योग्य बाजूला. टाके कसले ते, कुडाला काथ्या बांधावा तसे. पण घट्ट होते. तिथली पोरं गोळा झाली होती. नव्या मास्तरांनी विचारलं, "शेपटी कुठं?" आणि सगळ्यांनी एकदम आपापल्या उजव्या कुशीवर हात आपटले. एवढ्या जोरात की मला दचकायला झालं. नवे मास्तर म्हणाले, "रोज हजेरीच्या आधी हे करून घ्यायचे ते. बंद केलं तर पोरंच आठवण करून देतात." मला गोधडीबुवा मागायचा होता, ते टाके मी नीट घालून देईन म्हणून. मागितला नाही. ते टाके तसेच राहिलेले बरे.

तिथून आल्यावर मी चंद्राकडे गेले. सासर बरं आहे तिचं, मांडीशी वर्षाची मुलगी. मला बघून म्हणाली, "यमूमावशी? आज इकडं कशी गं?" दारातच तांदूळ पाखडत होती. मी बसले आणि सगळं सांगितलं. खडू, उलट बाजू, धावदोरा, खालापूरची कचेरी, साहेबांपुढे बोललेलं खोटं. म्हटलं, "मास्तरांची चूक नव्हती गं. माझी होती. आणि तुझी तर मुळीच नव्हती. हे मी आता लिहून छापायला देणार आहे, तुला आधी सांगावं म्हणून आले." मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला हाकलून देईल. दोन्हीची तयारी ठेवून गेले होते. तिनं सूप खाली ठेवलं नाही. पाखडतच राहिली.

"मास्तर यायचे, म्हनायचे माझी चूक. आता तू आलीस, तू म्हनतेस तुझी," ती म्हणाली. "समद्यांनी वाटून घेतली, मावशे. तुझी नाय, तुझी नाय, असं म्हनून मला कुनी बोलूच दिलं नाय. आये बी नाय."

मी म्हटलं, "बोल की मग. मी ऐकते."

तिचा हात तेव्हा थांबला. "बाला ठावं व्हतं मास्तर काय सांगतात ते. मीच घरी येऊन सांगितलं व्हतं समद्यांना. आयेनं एरंडेल आनलं तर तो घेईना. म्हनाला, चंद्रीला इचारा, ती शिकल्याली हाय. मी त्याच्या पोटावर हात ठेवला, कुठं दुखतंय ते बघितलं, आन् म्हनलं, बा, ही ती जागा नव्हं. ती डाव्या अंगाला असती. तू घे खुशाल." मुलगी मांडीशी चुळबुळ करत होती, तिला तिनं दुसऱ्या बाजूला घेतलं. "तो हसला गं, मावशे. एवढं दुखत असून हसला. आयेला म्हनाला, बघ, आपली पोर डाक्टर झाली. आन् आयेच्या हातनं नाय घेतलं त्यानं. म्हनाला, डाक्टरीनबाईच्या हातनं घेतो."

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लिव्ह. पन हे बी लिव्ह."